म्हातारपण आणि हातातला कारभार



आपल्या मुळशी तालुक्यात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, एवढंच सांगायला मी उभी नाही. जिथं हाल होतात त्या घरांविषयीही बोलेन. पण आधी चांगल्या घरांविषयी बोलायचं आहे. सून वेळेवर ताट वाढते, मुलगा बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतो, नातू मोबाइलवर कीर्तन लावून देतो, अशी ही घरं. त्या घरातला म्हातारा माणूससुद्धा कधी कधी बघता बघता खंगतो. जेवण तुटतं, झोप उडते, बोलणं कमी होतं. रक्त-लघवी तपासली, फोटो काढला, तरी मोठं काही सापडत नाही. घरचे कळवळून सांगतात, 'आम्ही काही कमी केलं नाही हो डॉक्टर.' आणि ते खरं असतं. कमी पडलेलं असतं ते वेगळंच. त्या घरात आता त्याला न विचारता सगळं ठरतं. यंदा खाचरात इंद्रायणी लावायची की रान पड ठेवायचं, सोयरिकीला कोण जाणार, म्हैस ठेवायची की विकायची, इथपासून ते त्याच्याच डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं, इथपर्यंत. तपासायला आत आल्यावर मी त्याला विचारते, 'कुठं दुखतंय?' आणि उत्तर मागे उभा असलेला मुलगा देतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की म्हाताऱ्या माणसाचा सांभाळ करणं पुरेसं नाही. आपल्या आयुष्यातलं काही आपण ठरवतो, आपल्या करण्या-न करण्यानं काही फरक पडतो, ही जाणीव त्याच्या तब्येतीचाच भाग आहे. अन्न आणि औषधाइतकाच. ती गेली की शरीर आणि मन दोन्ही खचतात. प्रेमाच्या नावाखाली ती काढून घेतली, तरीही खचतात.

याला आधार काय? अमेरिकेतला एक जुना प्रयोग आहे, १९७६ सालचा. कनेटिकट राज्यात आर्डन हाउस नावाचं वृद्धांचं शुश्रूषागृह होतं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी तिथल्या दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना निरनिराळी वागणूक द्यायचं ठरवलं. एका मजल्यावर व्यवस्थापकानं सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, तक्रार कुठं करायची, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. प्रत्येकापुढे रोपं धरली. हवं तर एक निवडा, आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, हेही त्यांनीच सांगायचं. दुसऱ्या मजल्यावर तेच रोप, तोच सिनेमा, तोच प्रेमळ सूर. फक्त रोप हातात ठेवलं, पाणी परिचारिका घालणार, आणि सिनेमाचा दिवस ठरवून कळवला. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत होते, एकमेकांशी जास्त बोलत होते, जास्त खूश होते. दीड वर्षानं पुन्हा पाहणी झाली. पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण तोवर वारले होते, दुसऱ्या गटातल्या ४४ पैकी १३.

या मृत्यूंच्या आकड्यांवर मी फार भार टाकणार नाही. माणसं थोडी होती, आणि त्या हिशेबातली चूक दुरुस्त करणारं टिपण पुढे तो अभ्यास छापणाऱ्या संशोधन-पत्रिकेतच आलं. पण माणसांच्या वागण्यात पडलेला फरक मोलाचा आहे. बदललं होतं फार थोडं, रोपाला पाणी कुणी घालायचं एवढंच.

त्याच १९७६ साली रिचर्ड शुल्झ यांनी केलेला दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. एका वृद्धनिवासातल्या लोकांना भेटायला कॉलेजची मुलं जाऊ लागली. काही वृद्धांना मुभा होती की विद्यार्थ्यानं कधी यायचं आणि किती वेळ बसायचं ते त्यांनीच ठरवावं. काहींना येण्याची वेळ आधी कळायची. काहींकडे विद्यार्थी मनाला येईल तेव्हा जाई. ज्यांना ठरवता येत होतं किंवा निदान आधी कळत होतं, त्यांची तब्येत आणि उमेद दोन्ही सुधारली. मग प्रयोग संपला आणि मुलं यायची थांबली. पुढच्या काही वर्षांत पुन्हा पाहिलं, तेव्हा जे आधी सुधारले होते तेच इतरांपेक्षा जास्त घसरले होते. आधी हातात दिलं आणि मग काढून घेतलं. कधीच न मिळण्यापेक्षा ते जड गेलं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं वाटप आठवलं. बाप हयातीतच जमीन मुलांच्या नावे करतो. पहिली दोन-तीन वर्षं मुलं विचारतात, 'आबा, राब कधी भाजायचा? बांध कुठून घालू?' आबा पडवीत बसून सांगतात, कधी काठी टेकत खाचरापर्यंत जातात, चिखलणी चालू असताना बांधावर उभं राहून ओरडतात. मग मुलं आपली आपण ठरवायला लागतात. त्यात त्यांचं चुकतंही नाही, कारण शेत आता त्यांचं असतं. पण आबांच्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा त्याच पावसाळ्यात सापडते.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या शुश्रूषागृहातलं मुळशीत कशाला सांगता? म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र कित्येक वर्षं गावोगावच्या लोकांच्या आरोग्याची नोंद ठेवत आलं आहे. २००७ मध्ये तिथं पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक माणसांना बरेच प्रश्न विचारले गेले. त्यातला एक अगदी साधा होता, एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्हाला वाटतं? पुढे कोण वारलं, कोण राहिलं याची नोंद होत गेली. वयाचा हिशेब वेगळा काढल्यावरही, 'वाईट आहे' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. नांगर धरलेल्या, लावणी केलेल्या, शाळा न पाहिलेल्या माणसाचं स्वतःविषयीचं मत पुढच्या काळाविषयी काही खरं सांगून जातं. मग ते मत विचारायचं सोडून आपण त्याच्या मुलाकडे का बघतो?

मनाचं शरीरात उतरतं कसं, हे थोडक्यात सांगते. एक वाट सरळ शरीरातून जाते. काय होणार ते कळत नाही आणि आपल्या हातातही काही नाही, अशा अवस्थेत माणूस दिवसेंदिवस राहिला की ताणाची संप्रेरकं वाढलेलीच राहतात, झोप आणि रक्तदाब बिघडतो. दुसरी वाट वागण्यातून जाते, आणि दवाखान्यात मला तीच जास्त दिसते. आपल्या करण्यानं काही होत नाही असं ज्याला वाटतं तो चालायला जात नाही, गोळी चुकली तर खंत करत नाही, पडल्यावर पुन्हा उभं राहायचा नेट धरत नाही. मार्गी लॅचमन या संशोधक बाईंनी अमेरिकेत या विषयावर अनेक वर्षं काम केलं. १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या लोकांची तब्येत आणि समाधान सरासरीनं कमीच आढळलं. पण त्याच गरिबांत ज्यांना आपल्या आयुष्यावर आपला हात चालतो असं वाटत होतं, त्यांची स्थिती बऱ्याच अंशी सुखवस्तू लोकांच्या जवळ जात होती.

आणि खिन्नता. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर लोकांची पाहणी केली. साठीपुढच्यांत शंभरांमागे आठांहून जास्त जणांना औदासीन्याचा आजार असावा असं प्रश्नावलीतून दिसलं. डॉक्टरांनी तसं निदान केलेले शंभरांत एकही भरत नव्हते. बाकीच्यांना घरात काय म्हटलं जात असेल, ते तुम्हाला माहीत आहे. 'वय झालं.'

मुळशीला हा विषय मी आणला, त्यामागे कारण आहे. आपल्या मर्जीशिवाय आपलं ठरवलं जाणं म्हणजे काय, हे या खोऱ्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. निला-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण व्हायचं ठरलं ते मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून. मावळ्यांना कुणी विचारलं नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, 'जान किंवा जमीन' म्हणत लोक धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी पुढाकार घेतला. याच लढ्यामुळे बापटांना लोक सेनापती म्हणू लागले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, तो इथल्या प्रत्येक घरात असावा असं मला वाटतं. धरण झालंच. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. पण मला आज त्यांचं पुढचं आयुष्य आठवतं. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते गोव्याच्या सत्याग्रहात सीमा ओलांडून गेले, तेव्हा त्यांच्या वयाला पंच्याहत्तरावं चालू होतं. कुणी तरी त्यांना नक्कीच सांगितलं असेल की आता तुम्ही घरी बसा.

धरणानं खोऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन नेली. खालच्या अंगाला, हिंजवडी-माणला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयटी पार्क आला आणि गुंठ्यांचा बाजार सुरू झाला. तो भूगाव, भुकूम, लवळे, पिरंगुट करत वर चढला. २०१८ मध्ये आलेल्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटामुळे जमीन विकलेल्या घरातल्या पोरांची चर्चा महाराष्ट्रभर झाली. त्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची मात्र फारशी झाली नाही. खरेदीखतावर अंगठा त्यांचा लागला, पण एजंटाशी बोलणी, किंमत, पैशाचं काय करायचं, गाडी कुठली घ्यायची, हे दुसऱ्यांनी ठरवलं. पैसा घरात आला आणि म्हाताऱ्याचा शब्द घराबाहेर गेला. जमीन म्हणजे त्याचं उत्पन्न होतंच, शिवाय त्याचं मत लागण्याची जागा होती. कोणत्या खाचरात पाणी साचतं आणि कुठं आंबेमोहोर येतो, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. आज तिथं इमारत आहे, आणि त्याला ठाऊक असलेलं कुणाच्याच कामाचं नाही.

बायकांचं वेगळं आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच होतं, म्हणून जमीन जाताना तिचं काय गेलं हे कुणी मोजलं नाही. पण तिचा कारभार होता. बियाणं कुठल्या कणगीत, दूध कुणाला घालायचं, पाहुण्याला काय करायचं, परसातल्या मिरच्या कधी तोडायच्या, नातवाला ताप आला तर आधी कुठला काढा द्यायचा. ती आज तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. गॅस तिला लावू देत नाहीत, भाजू नये म्हणून. खाली एकटीला सोडत नाहीत, पडू नये म्हणून. सून मनापासून म्हणते, 'आई, तुम्ही फक्त बसा.' आणि ती बसते. गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे येते, मी गोळी देते, गुडघे थोडे बरे होतात. ती बरी होत नाही.

याच्या उलटही मी पाहते. काही बायकांना विधवा झाल्यावर, साठीनंतर, पहिल्यांदाच आपला दिवस आपल्या हातात मिळतो. बचत गटाच्या बैठकीला जातात, भजनी मंडळात टाळ धरतात, आषाढीला वारीला निघतात. सत्तरीच्या बाईनं इतकं चालावं का, असं मला घरचे विचारतात. मी साखर, रक्तदाब, पाय तपासते आणि बहुतेक वेळा हो म्हणते. चालायचं ठरवलं तिनं, पिशवी भरली तिनं, दिंडीत कुणाबरोबर राहायचं तेही तिनंच. त्या सगळ्याचा औषधाइतकाच उपयोग होतो.

आता ज्या घरांत हाल होतात त्यांच्याविषयी. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण या कायद्यातलं कलम २३ तुम्ही नीट लक्षात ठेवा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एका निकालात म्हटलं की अशी अट होती हे सिद्ध व्हावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला. पण निकालांच्या भरवशावर राहू नका. द्यायचंच असेल तर अट कागदात लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा. ते तुम्हाला जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं, म्हणजे कारभार तुमच्याकडेच राहतो. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, हे मला माहीत आहे. पण घरातलं प्रेम टिकवायलाही हा कागद मदत करतो, असं माझं मत आहे.

सरकारी योजनांकडे मी याच नजरेनं बघते. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्ध्या तिकिटात झाला. लोक त्याला खिरापत म्हणतात. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीतली म्हातारी आता पौडला यायला मुलापुढे हात पसरत नाही. लेकीकडे कधी जायचं ते ती ठरवते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये फार नाहीत, पण ते तिच्या खात्यात येतात, आणि नातवाच्या हातावर तिला तिच्या मनानं काही ठेवता येतं. अडतं कुठं? तर बँकेत आणि रेशनच्या मशीनवर. जन्मभर भाताची रोपं उपटून, शेणकूर करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही, आणि स्वतःची ओळख पटवायला तिला परत कुणाचा तरी आधार घ्यावा लागतो. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवायची किंवा दुसरी सोय तिथंच हवी, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी तहसीलमध्ये लावून धरावी.

एक गोष्ट मात्र मला ठणकावून सांगायची आहे. मन खंबीर ठेवा, सकारात्मक राहा, म्हणजे आजार पळतो, असं सांगणारी पुस्तकं आणि शिबिरं सध्या उदंड आहेत. मी जे बोलते आहे ते तसलं नाही. ज्या वाडीवरून पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचायला गाडी मिळत नाही, तिथल्या आजारी माणसाला 'सगळं तुमच्या हातात आहे' म्हणणं क्रूरपणाचं आहे. तो आजारी पडला यात त्याचा दोष नसतो. हातात असण्याची जाणीव हवेत टिकत नाही. तिला रस्ता, दवाखाना, पैसा आणि विचारणारी माणसं लागतात. आणि जे खरंच कुणाच्याच हातात नसतं, जसं जोडीदाराचं जाणं किंवा ऐकू येणं बंद होणं, तिथं माणूस जग बदलत नाही, आपली अपेक्षा बदलतो. म्हातारी माणसं हे तरुणांपेक्षा चांगलं करतात असं अभ्यासकही सांगतात. त्यांना ते आपण शिकवायची गरज नाही.

मग घरात काय करायचं? फार मोठं नाही. डॉक्टरकडे गेल्यावर उत्तर त्यांना देऊ द्या, वेळ लागला तरी. गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे राहू द्या, चुकतं का ते लांबून पाहा. घरातलं एखादं काम पूर्ण त्यांच्यावर सोपवा, आणि सोपवलं की परत घेऊ नका. शुल्झ यांचा प्रयोग मी त्यासाठीच इतका सविस्तर सांगितला. पडण्याची भीती असेल तर न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, पायऱ्यांवर दिवा लावा, पण चालणं बंद करू नका. थोडा धोका पत्करायचा हक्क त्यांनाही आहे. आपण सगळे रोज दुचाकीवरून घाट चढतोच की.

आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचं आधीच सांगते. त्याच्यापुढे दहा गोष्टी मांडल्या तर तो गोंधळतो, पण दोन ठेवल्या तर निवडू शकतो. हे लुगडं की ते, भात की भाकरी, बाहेर बसायचं की आत. आजार बराच पुढे गेल्यावरही हे चालतं. मोठे निर्णय मात्र तेव्हा राहत नाहीत. आपल्या कायद्यात देणाऱ्याचं भान गेलं की त्यानं दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं, आणि मग घरच्यांना कोर्टात पालकत्वासाठी जावं लागतं. म्हणून मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन, आणि शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर लावावा की नाही याविषयीचं इच्छापत्र हे भान शाबूत असतानाच करायचं असतं. हे शेवटचं इच्छापत्र २०१८ पासून कायदेशीर आहे, आणि जानेवारी २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं तरी चालतं. या विषयाला घरात तोंड फोडायचं ते म्हाताऱ्या माणसानंच फोडावं. मुलानं काढला की डोळा इस्टेटीवर आहे असं वाटतं, आणि मग विषय पुन्हा कधी निघतच नाही. कागदांचा नमुना आणि कुठं काय लागतं याचा तपशील मी मोठ्या अक्षरात छापून आणला आहे. तो घ्यायला मुलांना पाठवू नका, तुम्ही स्वतः या.